पुठ्ठ्याचे फर्मे

साडेसातच्या बॅचच्या मुली बसल्या की ते मागच्या दारानं यायचे, चपला उंबऱ्याशी काढायचे आणि रांगेतून चालत एकेका कॉम्प्युटरच्या डब्यावर तळहात ठेवायचे. पोरांच्या कपाळावर ठेवतात तसा. हात कुठे रेंगाळला की मी समजायचे, आज काहीतरी निघणार.

“मॅडम, नऊ नंबरले ताप हाय.”

“काकाजी, परवाच तर साफ केला त्याला.”

“मंग मी कायले खोटं बोलू? पंखा आयका. दम लागून राहिला त्याले.”

मुली तोंडावर ओढणी धरून हसायच्या. पण नऊ नंबरवर बसलेली मुलगी हसता हसता आपलं काम सेव्ह करून घ्यायची, कारण त्यांनी ताप सांगितला की ते मशीन संध्याकाळपर्यंत बंद पडायचंच.

ते माझे घरमालक. गोंदियापासून रेल्वेनं अर्ध्या तासावरच्या आमच्या तालुक्याच्या गावात मी टायपिंग इन्स्टिट्यूट चालवते. आधी खटखट करणारी मशीनं होती, मग सरकारनं परीक्षा कॉम्प्युटरवर नेली आणि मी बारा जुने डेस्कटॉप आणून मांडले. घराचा पुढचा हॉल माझा, मागच्या दोन खोल्यांत ते आणि काकीजी. मधल्या दाराला कडी होती, पण ती लावलेली मी कधी पाहिली नाही. लावली असती तर त्यांनी ती खोलून दुरुस्त केली असती.

तीस वर्षं ते राईस मिलमध्ये फिटर होते. कॉम्प्युटर कुठेच शिकले नव्हते. मिलच्या वजनकाट्यावर पहिला कॉम्प्युटर आला, तो बिघडला, नागपूरचा माणूस येईपर्यंत धानाच्या गाड्यांची रांग सडकेपर्यंत गेली. तेव्हा यांनी पेचकस घेऊन त्याचं झाकण काढलं. “पायलं त आपल्या मिलवानीच होतं,” ते सांगायचे. “कोनी ताकद देते, कोनी फिरते, कोनी माल पुढं ढकलते. फक्त पट्टे दिसत नाई.” निवृत्त झाल्यावर तेच काम झालं. गावात कुणाचाही जुना कॉम्प्युटर हळू झाला की लोक त्यांना बोलवायचे. दुकानात नेला तर दुकानदार नवा घ्या म्हणतो. हे म्हणायचे, “पहिले खोला.”

हा त्यांचा पहिला नियम. खोलल्याशिवाय कुठलाही पार्ट घ्यायचा नाही. खोलल्यावर पहिल्या दिवशी काही करायचं नाही. नुसतं पाहायचं. बोर्डावर कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलेला नंबर भिंगातून वाचायचा, पॉवर सप्लायवरची चिठ्ठी वाचायची, कुठल्या जागा रिकाम्या, कुठली पिन कुठे जाते ते पेन्सिलीनं कागदावर काढायचं. मग चहा. मग घरी जायचं. लोक वैतागत. “काकाजी, दहा मिनिटांचं काम, दोन दिवस कायले लावता?” ते दुसऱ्या दिवशी फर्मा घेऊन येत.

फर्म्याचं सांगायला हवं. मिलमध्ये पुली किंवा चाक ओतून घ्यायचं असलं की आधी सुतार लाकडाचा तसाच नमुना करतो, तो जागेवर बसवून पाहतात, मग लोखंड ओततात. एकदा ऐन सीझनमध्ये मालकानं घाई केली. कागदावरच्या मापावर पुली मागवली. ती सूतभर मोठी निघाली. पाच दिवस मिल बंद राहिली आणि अंगणात धानाचे ढीग पडून राहिले. मालकानं सगळ्यांच्या देखत यांना विचारलं, “तू फिटर हायेस का न्हावी?” हे सांगताना त्यांचा चेहरा अजून लाल व्हायचा. तेव्हापासून कागदावरच्या आकड्यावर त्यांचा विश्वास उडाला तो उडालाच. कॉम्प्युटरमध्ये लाकूड कुठून आणणार? ते पुठ्ठ्याचे फर्मे करायचे. रॅमची पट्टी घ्यायची असली तर आधी पुठ्ठ्याची पट्टी, तंतोतंत लांबीची, मधली खाच कातरीनं कापलेली. कुणाला मोठं ग्राफिक्स कार्ड हवं असलं तर पुठ्ठ्याचं ग्राफिक्स कार्ड, पंख्यासकट. ते डब्यात बसवून, झाकण लावून पाहायचे. बसलं तरच विकत घ्यायची परवानगी.

पुठ्ठा लग्नपत्रिकेचा. दुसरा चालत नसे. साड्यांच्या खोक्याचा जाड होतो, वहीचा वाकतो, पत्रिकेचा बरोबर. आमच्याकडे माणूस ओळखीचा असो नसो, पत्रिका देतातच, त्यामुळे मालाची कमी नव्हती. अडचण एवढीच की ते वाचायच्या आधी कापत.

“भाचीच्या लग्नाची तारीख कापून टाकली यांनी,” काकीजी मला दर दोन महिन्यांनी सांगायच्या, जणू मी पहिल्यांदा ऐकतेय. “आमी गेलो त मांडव उतरवून राहिले होते. माह्या भावानं इचारलं, काऊन आज आल्या? काय सांगू? तुह्या पोरीची तारीख कोनाच्या तरी डब्यात हाय मनून सांगू?”

“जेवन त भेटलं ना,” काकाजी म्हणायचे.

“शिळं भेटलं.”

तेव्हापासून काकीजी पत्रिका आल्या की आधी स्वतः वाचून, तारीख कॅलेंडरवर लिहून, मगच मधल्या दाराच्या खिळ्याला लावून ठेवत. कापायला मोकळ्या.

बाजारात स्टेशनरीचं दुकान असलेल्या एका माणसाच्या मुलाला गेम खेळायला मोठं कार्ड हवं होतं. काकाजींनी खोललं, पाहिलं, दुसऱ्या दिवशी फर्मा आणून बसवला. फर्मा हार्डडिस्कच्या खणाला अडला. वर सप्लाय लहान.

“नाई जमत.”

“अजी काकाजी, थोडं वाकवून बसन.”

“पुठ्ठा वाकते. कार्ड नाई वाकत. अन् वाकवून घुसवलं तरी याच्या सप्लायची ताकद नाई. दोन घोड्याच्या मोटरवर दहा घोड्याची मिल चालवसान का?”

त्या पोरानं ऐकलं नाही. कार्ड आणलं, खण पकडीनं तोडला, कार्ड घुसवलं. झाकण लागेना म्हणून उघडंच ठेवलं. आठ दिवस मशीन मध्येच बंद पडत राहिलं, नवव्या दिवशी आत पाल शिरली. बाप आमच्याकडे आला तेव्हा काकाजी एकही शब्द टोचून बोलले नाहीत. फक्त म्हणाले, “घुसलं मनजे बसलं नाई.” हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. आणि शाबासकीचा शब्दही तोच एक: बसलं. छान, मस्त, एकदम बढिया, असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. काकीजींनी केलेल्या भाजीलाही नाही.

त्यांचा स्वतःचा कॉम्प्युटर हे गावातलं एक प्रेक्षणीय स्थळ होतं. गोंदियाच्या बंद पडलेल्या एका ऑफिसच्या भंगारातून त्यांना चांगला ताकदीचा बोर्ड मिळाला. पण तो कंपनीनं स्वतःच्या डब्यासाठीच बनवलेला, बाजारातल्या कुठल्याही डब्यात त्याची भोकं जुळेनात. मग त्यांनी सागवानाचा डबा केला. हवेसाठी बाजूला गिरमिटानं ओळीनं भोकं, आत बोर्ड पितळी खुंट्यांवर, अर्थिंगची तार व्यवस्थित बाहेर काढलेली. सुरू करायला मिलच्या जुन्या पॅनलचं बटण लावलं होतं, बेडकाएवढं, हिरवं. त्याच्या शेजारी तसंच लाल. लाल बटणाला आत काहीच जोडलेलं नव्हतं.

“मग कशाला लावलं?”

“हिरव्याच्या बाजूले लाल पायजे, मॅडम. एकटं हिरवं पाहून मानूस घाबरते.”

माझ्या बाराही मशीनांत मिळून नसेल एवढी रॅम त्या पेटीत होती. तिच्यावर ते फक्त पत्ते खेळायचे. दुपारी एक ते दोन. काळ्यावर लाल, लालवर काळा. डाव सुटला नाही तर मशीनला दोष देत नसत, स्वतःलाही नाही. “पत्ता घुसला, बसला नाई,” म्हणून नवा डाव मांडायचे.

तर असं चाललं होतं, आणि मग ते पत्र आलं.

परीक्षेचं सॉफ्टवेअर बदललं होतं. आता प्रत्येक केंद्रावर किमान बारा कॉम्प्युटर, प्रत्येकात आठ जीबी रॅम आणि जुन्या हार्डडिस्कऐवजी एसएसडी हवी. महिन्याभरात तपासणी. एकही कमी पडला तर केंद्र रद्द, मुलांनी परीक्षेला गोंदियाला जायचं. वाचून मी पत्राची दोनदा घडी घातली आणि दोनदा उघडली. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या मुली जंगलाकडच्या गावांतून येतात. सायकलनं किंवा एसटीनं. इथे यायला घरी दोन-दोन महिने भांडलेल्या असतात. परीक्षा गोंदियाला गेली तर त्यातल्या कितीजणींना घरून सोडतील हे मला तोंडपाठ होतं. आणि केंद्र गेलं की क्लास जातो, हे सांगायला नको. जिथे परीक्षा नाही तिथे शिकायला कोण येणार? बारा नवे घेणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. जुन्यांचीच ताकद वाढवायची.

मी काकाजींना पत्र वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, “पहिले खोला.”

“बाराही?”

“बाराही. एकाच दुकानातून आनले मनजे एकाच आईचे नाई.”

त्यांनी रोज दोन या हिशेबानं खोलायला सुरुवात केली. भिंग, पेन्सिल, चहा. सहाव्या दिवशी माझा धीर सुटला. मी स्वभावानं घाईची आहे, हे मान्य. काम दिसलं की ते संपवायचं. मी सकाळची गाडी पकडून गोंदियाला गेले, दुकानदाराला सांगितलं, जुने डेस्कटॉप, रॅम पाहिजे. तो म्हणाला, “सब में लग जाएगी मॅडम, ले जाइए.” मी बारा मशीनांपुरती रॅम घेऊन दुपारच्या गाडीनं परत आले. विजयी चेहऱ्यानं, असं काकीजी नंतर सांगायच्या.

एकही बसली नाही.

रॅमच्या पट्टीला खालच्या सोनेरी दातांमध्ये एक खाच असते. पिढी बदलली की खाच थोडी सरकते, म्हणजे नवी पट्टी जुन्या बोर्डात चुकूनही जाऊ नये. आपण चुकतो हे कंपनीला माहीत असतं. मी दाबून पाहत होते. काकाजी मागे येऊन उभे राहिले.

“जोर नोका लावू.”

त्यांनी खिशातून पुठ्ठ्याचा फर्मा काढून माझ्या नव्या पट्टीवर ठेवला. दोन्ही खाचांत करंगळीच्या नखाएवढा फरक.

“मी फर्मे कापून राहिलो होतो,” ते म्हणाले, “अन् तुमी गोंदियाले चालल्या गेल्या.”

एवढंच. मला वाटतं ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. त्यांच्या हातात कापडी पिशवी, पिशवीत बारा फर्मे, प्रत्येकावर मशीनचा नंबर. दुकानदारानं आधी परत घ्यायला नकार दिला. “मॅडम, माल सही है. आपकी मशीन पुरानी है.”

“मशीन पुरानी है, ये तो हम ही बता के गए थे,” मी म्हणाले.

काकाजींनी काउंटरवर एक फर्मा ठेवला, त्याच्या शेजारी पट्टी. “सेठ, ये हमारा, ये तुम्हारा. खाँच देखो.”

दुकानदारानं फर्मा उचलून फिरवला. “काका, ये तो शादी का कार्ड है.”

“कार्ड शादी का है. खाँच मशीन की है.”

मागे उभी असलेली गिऱ्हाइकं हसायला लागली. दुकानदार मुकाट्यानं आत गेला आणि जुन्या पिढीच्या पट्ट्यांचा खोका घेऊन आला. त्यानंतरचा दीड तास मी आयुष्यात विसरणार नाही. काकाजींनी एकेक पट्टी फर्म्यावर ठेवून पाहिली, मग दुकानातल्या बोर्डावर लावून मशीन चालू करायला लावली, मग पुढची. एसएसडीचंही तसंच. आमच्या तीन मशीनांचे सप्लाय इतके जुने की त्यांत एसएसडीला लागणारी पिनच नव्हती. ते त्यांनी खोलतानाच टिपून ठेवलं होतं, म्हणून तीन जोडवायर आठवणीनं घेतल्या. दुकानदार आधी चिडला, मग कंटाळला, मग त्याला मजा यायला लागली. निघताना म्हणाला, “काका, एक कार्ड मेरे पास छोड़ जाओ.” काकाजींनी पाच नंबरचा फर्मा दिला आणि गाडीत बसल्यावर दुसरा कापला. तो फर्मा त्या दुकानात काउंटरच्या काचेखाली मी अलीकडेही पाहिला.

अकरा मशीनं आठ दिवसांत झाली. एसएसडी जुन्या खणात सैल बसते, तर त्यांनी बांबूच्या कामट्या तासून दोन्ही बाजूंना लावल्या. प्रत्येक मशीन झाल्यावर त्याचा फर्मा ते झाकणाच्या आतल्या बाजूला खोचून ठेवायचे, तारांपासून लांब.

“हे आता कशाला?”

“मिलच्या कोठारात सारे फर्मे टांगून राहते. पुढचा फिटर येईन त त्याले मालूम पायजे काय बसते. त्यानं पुन्हा कायले डोळे फोडावे?”

बारा नंबर राहिला. त्याच्यात पट्टी गेली, खाच जुळली, पण मशीन चारच्या वर रॅम मोजेना. मी कंपनीच्या साइटवर बोर्डाचा नंबर टाकून पाहिला. जास्तीत जास्त चार. काकाजींनी पट्टी काढली, पुसली, परत लावली, परत काढली.

“फर्मा सांगते जागा किती,” ते म्हणाले. “पोट केवढं ते नाई सांगत. हे पहिले पाहाले पायजे होतं. चूक माही.”

दुसरं जुनं मशीन शोधायला, खोलायला, जुळवायला वेळ नव्हता. तपासणी परवावर. मी व्यवहारी बाई आहे, मी माझा मार्ग सांगितला. बारा नंबर शेवटच्या कोपऱ्यात ठेवू, चालू करून टायपिंगचा उतारा उघडून ठेवू, एक मुलगी बसवून देऊ. साहेब प्रत्येक मशीन कशाला तपासतील?

त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते मला अजून दिसतं.

“मिलचा मालकबी असाच मनत होता,” ते म्हणाले आणि मागच्या दारानं निघून गेले. त्या दिवशी एक ते दोन पत्तेही खेळले नाहीत, असं काकीजींनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी साडेसातची बॅच बसायच्या आधी मधलं दार पाठीनं ढकलत काकाजी उलटे आत आले. सागवानी पेटीचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं काकीजींच्या.

“अजी, हळू धरा. माह्या पायावर पाडसान.”

“तू डावीकडे चाल.”

“कोनाची डावी? तुमी उलटे, मी सुलटी.” पेटी टेबलावर टेकली तेव्हा काकीजींनी पदरानं कपाळ पुसलं. “चांगलं झालं बाई. असल्या डब्यांपायी माह्या भाचीचं लग्न गेलं. आता ती खोली तरी झाडता येईन.”

“काकाजी, हा तुमचा आहे,” मी म्हणाले.

“बाराच पायजे ना? हा बारावा. एसएसडीबी रात्रीच घातली.” त्यांनी तारा लावायला सुरुवात केली. मी आभार मानायला तोंड उघडलं तर म्हणाले, “तिकडचा प्लग पकडा.” म्हणून मी प्लग पकडला.

तपासणीचे साहेब बारीक, शांत, हातात फॉर्मची फाइल. पहिल्या मशीनपासून एकेकाची माहिती उघडून पाहत टिक करत चालले. एकही सोडला नाही. काकाजी भिंतीशी उभे होते, धुतलेलं धोतर, हातात पेचकस. मी त्यांच्याकडे पाहायचं टाळलं. चौथ्या मशीनपाशी साहेब थांबले.

“हे आतून बघता येईल का?”

काकाजी दोन पावलांत तिथे पोचले. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. “साहेब, खोला मननारा मानूस मले तीस वर्षांत पहिलाच भेटला.”

झाकण निघालं. आतून फर्मा घसरून टेबलावर पडला. साहेबांनी उचलला, उलटा केला आणि मोठ्यानं वाचलं, “‘माझ्या मावशीच्या लग्नाला नक्की यायचं हं!’” त्यांनी चष्म्यावरून वर पाहिलं. “हे काय आहे?”

रांगेतल्या सगळ्या मुलींचे हात कीबोर्डवर थांबले.

“फर्मा,” काकाजी म्हणाले. “पुढच्यासाठी.” आणि पुलीपासून सगळं सांगितलं. न्हाव्यापर्यंत. मी मध्ये पडायला गेले, साहेबांनी हातानं थांबवलं. त्यांनी रॅम पाहिली, कामट्या पाहिल्या, बोटानं हलवून पाहिल्या, फर्मा जिथे होता तिथे खोचला.

मग पाचवं, सहावं, सातवं. अकरावं. बारावं.

साहेब पेटीसमोर बराच वेळ उभे राहिले. “हा लाकडाचा आहे.”

“सागवान,” काकाजी म्हणाले.

साहेबांनी फाइल उघडली आणि नियमांचं पान वरून खाली बोटानं वाचलं. मी मनातल्या मनात ते पान त्यांच्या आधी वाचत होते. रॅम, डिस्क, प्रोसेसर, पडदा, कीबोर्ड. डब्याबद्दल त्यात काहीही नव्हतं. साहेबांनी हिरवं बटण दाबलं. टक्‌ आवाज आला, सगळा हॉल दचकला आणि पडदा उजळला. त्यांनी रॅम पाहिली आणि भुवया वर गेल्या. स्वतः खुर्चीत बसून त्यांनी टायपिंगचे चार परिच्छेद मारले. मग लाल बटण दाबलं. काही झालं नाही. परत दाबलं.

“हे बंद आहे.”

“ते बंदच राहते साहेब,” काकाजी म्हणाले. “सोबतीले हाय.”

साहेब हसले नाहीत. फॉर्मवर शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: ‘क्र. १२, लाकडी. सुस्थितीत.’ खाली सही केली. माझ्या मागे कुठल्यातरी मुलीनं इतका मोठा श्वास सोडला की साहेबांनी वळून पाहिलं. चहा घेताना त्यांनी खुर्ची काकाजींच्या जवळ ओढली आणि आवाज खाली आणून म्हणाले, “माझ्या घरी एक जुना डेस्कटॉप आहे. मुलगी म्हणते टाकून द्या. काही होईल का त्याचं?”

“पहिले खोला,” काकाजी म्हणाले. “नंबर वाचून सांगा. मंग पाहू.”

केंद्र राहिलं. त्या सत्रात परीक्षा इथेच झाली. बारा नंबरवर ज्या मुली बसल्या त्यांना बटणाचाच सराव जास्त करावा लागला.

राहिला प्रश्न पत्त्यांचा. पेटी परत न्या म्हणून मी चारदा सांगितलं. ते म्हणायचे, बारा पायजे ना? मग मी बॅचच्या तक्त्यात बारा नंबरसमोर एक ते दोनचा रकाना रिकामा सोडला. त्या वेळात ते मागच्या दारानं यायचे, चपला काढायचे, हिरवं बटण दाबायचे. मुली डबे खाता खाता मागून सांगायच्या, काकाजी, राजा तिकडे जाते. ते म्हणायचे, मले दिसून राहिला, तुमी जेवा.

चार वर्षांपूर्वी काकीजींचे गुडघे फारच दुखायला लागले आणि त्यांच्या मुलीनं दोघांना बालाघाटला नेलं. घर त्यांचंच आहे. मधल्या दाराच्या खिळ्याला पत्रिका मी लावते. या वर्षी सॉफ्टवेअर परत बदललं, परत पत्र आलं. मी गोंदियाची गाडी पकडली नाही. बाराही खोलले. भिंगातून नंबर वाचले, साइटवर प्रत्येकाचं पोट पाहिलं, मग आतले फर्मे काढून जुळवले. बहुतेक तसेच लागू पडले. बारा नंबरला मोठी एसएसडी घालायची होती, तिचा फर्मा मी माझ्या पुतण्याच्या पत्रिकेतून कापला. तारीख आधी कॅलेंडरवर लिहून.

दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेला ते दोघं गावी आले. दुपारी एकला मागचं दार उघडलं. चालणं आता हळू झालंय, पण रांगेतून येताना त्यांनी एकही डबा चुकवला नाही. बारा नंबरपाशी बसले. बटण दाबायच्या आधी पेचकस मागितला.

मी दिला आणि रजिस्टर भरत असल्याचं दाखवलं.

झाकण निघालं. त्यांनी आत पाहिलं, मग फर्मा काढला. उजेडात धरला. एसएसडीशी लावला. नखानं कड तपासली, माझी कातरी जिथे थोडी वाकडी गेली होती तिथे त्यांचं नख थांबलं. फर्मा उलटा करून पत्रिकेवरची तारीख वाचली.

“हे लगन झालं का?”

“झालं. सगळे वेळेवर पोचले.”

त्यांनी फर्मा होता तिथे खोचला, झाकण लावलं, चारही स्क्रू स्वतः फिरवले आणि हिरवं बटण दाबलं.

“बसलं,” ते म्हणाले, आणि पत्ते मांडले.